आता त्यांच्याकडे बघू या

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने निबंध वाचला. विषय होता भारतातल्या जातींची यंत्रणा, उगम आणि विकास. मुद्दा थोडक्यात असा: जात टिकते ती बेटीबंदीमुळे. लग्नं गटातल्या गटातच लावायची तर लग्नाच्या वयाच्या बायका आणि पुरुष यांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला तर बाई ‘जादा’ होते, बायको मेली तर पुरुष. या जादा माणसांचं करायचं काय, या प्रश्नाला समाजाने काढलेली उत्तरं म्हणजे सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह. भीमराव आंबेडकरांचा हा निबंध पुढच्या वर्षी मे महिन्यात ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला.

मराठी वाचकाला हा निबंध ठाऊक असतो, पण तो कुठल्या वर्गात वाचला गेला याकडे सहसा लक्ष जात नाही. आंबेडकर कोलंबियाला गेले ते अर्थशास्त्र शिकायला. हा वर्ग मात्र मानवशास्त्राचा होता. गोल्डनवायझर हे फ्रान्झ बोआस यांचे विद्यार्थी, आणि बोआस तेव्हा वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेला सुरुंग लावत होते. जात ही वंशावरून पडलेली नाही, असं म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला ऐकून घेणारे कान त्या वर्गात होते.

शंभराहून अधिक वर्षांनी पुण्या-नागपुरातली, लातूर-कोल्हापुरातली मुलंमुली ‘सोशल अँड कल्चरल अँथ्रपॉलॉजी’त मास्टर्स करायला लंडन, बर्लिन, आम्स्टरडॅम, ओस्लोला जातात. संख्येने फार नसतात, आणि जाण्याआधी घरच्यांना समजावून सांगता सांगता त्यांची पुरेवाट होते. ‘म्हणजे उत्खनन का?’ हा पहिला प्रश्न. ‘आदिवासींचा अभ्यास का?’ हा दुसरा. पुण्यात तर हा विषय सदाशिव पेठेतल्या क्लासेसच्या पाट्यांमुळे माहीत झालेला: यूपीएससीला घ्यायचा, बरे मार्क मिळवून देणारा ऑप्शनल. नोट्स पाठ करून, आकृत्या काढून तो सुटतो. परदेशातल्या विभागात त्या नोट्सचा उपयोग जवळपास शून्य, कारण तिथे शिकवतात ती माहिती नसून एक पद्धत असते, आणि ती कागदावर पाठ होत नाही.

आधी विषयाची हद्द पाहू. भारतात मानवशास्त्र साधारणपणे एकत्र शिकवतात. शरीररचना, रक्तगट, हाडं, अश्मयुगीन हत्यारं आणि समाजरचना हे सगळं एकाच पदवीत. अमेरिकेत बोआस यांच्यामुळे शरीर, पुरातत्त्व, भाषा आणि संस्कृती अशा चार शाखा एका छताखाली आल्या. ब्रिटिशांनी त्यातली समाजाची बाजू वेगळी काढली: नातेसंबंध, सत्ता, कायदा, विधी. युरोपातल्या बऱ्याच विद्यापीठांनी अलीकडे ‘सामाजिक आणि सांस्कृतिक’ असं जोडनाव घेतलं. जर्मन मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेनेही २०१७ साली आपलं जुनं, वसाहतींच्या काळातलं नाव टाकून हेच जोडनाव स्वीकारलं. त्यामुळे या पदवीत कवटी मोजायला लावत नाहीत. एके काळी मात्र लावत असत, आणि तिथे आपल्या एका बाईंचा थेट संबंध येतो.

बर्लिनच्या डालेम भागात इनेश्ट्रासे २२ या पत्त्यावर एक इमारत आहे. १९२७ साली तिथे मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननाची कैसर विल्हेल्म संस्था सुरू झाली. संचालक होते ऑयगेन फिशर. १९२८ साली इरावती कर्वे त्यांच्याकडे पीएचडीला गेल्या. विषय होता मानवी कवटीची असममिती, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंतला फरक. गोऱ्यांच्या कवटीत हा फरक जास्त असणार आणि त्यातून त्यांचं बौद्धिक वरचढपण सिद्ध होणार, अशी फिशर यांची अटकळ होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. त्यांतल्या काही जर्मनीच्या आफ्रिकी वसाहतीतून आणलेल्या होत्या. त्यांना वंशागणिक असा काही फरक आढळला नाही आणि त्यांनी तसं लिहिलं. ज्या माणसाच्या हाती पदवी आहे त्याच्याच सिद्धान्ताविरुद्ध निष्कर्ष लिहायला धाडस लागतं, तेही परक्या देशात आणि परक्या भाषेत. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे नाझी राजवटीत या संस्थेचा ऑश्विट्झच्या छळछावणीशी संबंध आला, तिथून डॉ. मेंगेले मानवी अवयव पाठवत असे. २०१४ साली जवळच्या बांधकामात जमिनीतून हाडं निघाली. पुढच्या खोदकामांत मिळून हजारो तुकडे सापडले आणि २०२३ साली त्यांचं दफन करण्यात आलं.

आज ती इमारत फ्री युनिव्हर्सिटीच्या ताब्यात आहे, आणि त्याच विद्यापीठाची सामाजिक-सांस्कृतिक मानवशास्त्राची संस्था तिथून चालत काही मिनिटांवर आहे. म्हणजे बर्लिनमध्ये मास्टर्स करणाऱ्याला आपल्या विषयाचं पाप वर्गाबाहेर पडलं की दिसतं. इतर ठिकाणीही पहिल्या सत्रात हेच पुढ्यात ठेवतात: वसाहतींचं राज्य आणि हे शास्त्र हातात हात घालून कसं वाढलं, संग्रहालयांत वस्तू कुठून आल्या, नाकांची मापं घेऊन हर्बर्ट रिस्लेने भारतातल्या जाती कशा उतरंडीवर मांडल्या. आपल्याकडच्या मुलांना याचा सुरुवातीला अचंबा वाटतो. पहिल्याच महिन्यात विषयाची एवढी निंदा ऐकायची तर तो शिकायचा कशाला? माझ्या मते ही त्या अभ्यासक्रमांची सगळ्यात निरोगी सवय आहे. फक्त काही विभागांत ती अति होते, आणि विद्यार्थी वर्षभर आधीच्या लोकांच्या चुका मोजतो, स्वतः मात्र काहीच बघत नाही.

बघण्याची पद्धत रुळली ती महायुद्धाच्या काळात. १९१४ साली ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की ऑस्ट्रेलियात होते, तेव्हा पहिलं महायुद्ध पेटलं. जन्माने पोलिश, पण कागदोपत्री ऑस्ट्रियाचे, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या लेखी शत्रूचे नागरिक. तरी संशोधनाला परवानगी मिळाली आणि १९१५ ते १९१८ या काळात ते न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर दोनदा जाऊन राहिले. आधीचे बरेच अभ्यासक साहेबाच्या बंगल्याच्या व्हरांड्यात बसून ‘नेटिवां’ना बोलावून घेत आणि दुभाष्यामार्फत प्रश्न विचारत. मालिनोव्स्कींनी गावात तंबू ठोकला आणि भाषा शिकून घेतली. भांडणं, जेवणं, बागकाम, जादूटोणा रोज बघत राहिले. त्यातून सहभागी निरीक्षण नावाची रीत रुळली आणि १९२२ साली त्यांचा ट्रोब्रियंडवरचा प्रसिद्ध ग्रंथ आला. नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला त्यांचा सेमिनार या विषयाचा आखाडा ठरला. जोमो केन्याटा, पुढे केनियाचे राष्ट्राध्यक्ष झाले ते, त्याच सेमिनारमध्ये बसले आणि आपल्याच गिकुयू लोकांवर त्यांनी १९३८ साली पुस्तक लिहिलं. १९६७ साली मालिनोव्स्कींची खासगी डायरी छापली गेली. बेटावरच्या माणसांबद्दल तिच्यात चीड आणि तुच्छता ओतलेली. आजचे विद्यार्थी ग्रंथ आणि डायरी दोन्ही शेजारी ठेवून वाचतात.

ट्रोब्रियंडमध्ये ‘कुला’ नावाचा व्यवहार चालतो. शिंपल्यांच्या लाल माळा बेटाबेटांतून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, पांढरी शंखकडी उलट दिशेने. वस्तू कायमची कुणाकडेच राहत नाही. मिळाली की काही काळ मिरवायची आणि पुढच्याला द्यायची. माणसं जीव धोक्यात घालून होडीतून ही देवघेव करायला जातात, आणि त्या वस्तूंचा पोटापाण्याला काडीचा उपयोग नसतो. १९२५ साली मार्सेल मोस या फ्रेंच विद्वानाने अशा अनेक समाजांची उदाहरणं घेऊन भेटवस्तूवर निबंध लिहिला. त्याचं म्हणणं: भेट कधीच फुकट नसते. द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि परत करावं लागतं.

जगातल्या जवळपास प्रत्येक मानवशास्त्र विभागात हा निबंध पहिल्या वर्षात येतो. मराठी मुलगी तो वाचते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे आहेराची वही येते. कुणी पातळ दिलं, कुणी स्टीलचा डबा, कुणी पाकिटात पाचशे एक, सगळं तारखेसह. त्यांच्याकडे कार्य निघालं की वही उघडायची, आणि दिलं त्याहून थोडं जास्त द्यायचं. तेवढंच दिलं तर हिशेब मिटवल्यासारखं दिसतं, कमी दिलं तर बोलणी बसतात. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापणाऱ्यांचं काय चाललेलं असतं? एका बाजूने बडेजाव, दुसऱ्या बाजूने एवढी देणी डोक्यावर घ्यायची नाहीत ही सावधगिरी. आणि तरी लोक पाकीट हातात कोंबतातच. ती हे सेमिनारमध्ये बोलून दाखवते, तेव्हा टेबलाभोवतीची बाकीची मंडळी वही पुढे ओढून लिहू लागतात. इथपर्यंत छान. पण मग प्राध्यापक विचारतात, वही कोण लिहितं? बायका की पुरुष? वही हरवली तर? पाकिटातली रक्कम घरात कुणाला माहीत असते? आणि तिच्या लक्षात येतं की आपण हे लहानपणापासून पाहिलं आहे, पण यातलं एकही धड सांगता येत नाही.

हे वर्ग कसे चालतात तेही सांगायला हवं. युरोपात वर्षाला ६० क्रेडिट असतात. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, म्हणून वर्षाचे १५०० ते १८०० तास. त्यांतले वर्गातले तास आठवड्याला जेमतेम आठ-दहा भरतात आणि बाकीचे वाचनात जातात. एका सेमिनारसाठी दोन-तीन लेख किंवा आख्खं पुस्तक, असे तीन-चार सेमिनार. वर्गात सर शिकवत नाहीत, म्हणजे आपल्या अर्थाने नाहीत. वाचलेल्याविषयी बोलायचं असतं, आणि ‘लेखक म्हणतो की’ एवढ्याने भागत नाही. लेखकाला हे कसं कळलं? कुणाशी बोलून? ज्यांच्याशी बोलला नाही ते काय म्हणाले असते? सरांचं म्हणणं खोडून काढायची सवय नसलेल्या आपल्या मुलांना पहिले दोन महिने जड जातात. इंग्रजीमुळे अडतंय असं त्यांना वाटतं. बहुधा अडलेलं असतं ते मतामुळे. मत तयार नसलं की भाषा कुठलीही असो, अडखळायला होतंच.

नातेसंबंधांचा भाग आला की मात्र आपली मुलं भाव खाऊन जातात. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, बरोबरचं चिन्ह म्हणजे लग्न, अशा आकृत्यांत क्लोद लेव्ही-स्त्रोसने १९४९ साली आख्ख्या मानवजातीच्या विवाहपद्धती बसवायचा प्रयत्न केला. मामाच्या मुलीशी लग्न हे युरोपियन विद्यार्थ्याला कोडं वाटतं, कोल्हापूरच्या मुलाला शेजारचं घर. इरावतीबाईंनी १९५३ साली भारतातल्या आप्तव्यवस्थेवर लिहिलेल्या ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या रीती एकमेकींत मिसळणारा प्रदेश म्हणून येतो. बर्लिनमध्ये कवट्या मोजायला शिकलेल्या या बाई पुढे वारीबरोबर चालल्या, आणि एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळ्या पंगतीत जेवतात हे त्यांना किती बोचलं तेही त्यांनी लिहून ठेवलं. कवटीपासून पंगतीपर्यंतचा हा प्रवास म्हणजे विसाव्या शतकातल्या मानवशास्त्राचाच प्रवास म्हणता येईल.

पदवीचा कणा मात्र क्षेत्रकार्य, म्हणजे फील्डवर्क. अभ्यासक्रम निवडताना लोक विद्यापीठाची रँकिंग बघतात. मी म्हणेन, आधी महिने बघा. ब्रिटनमधल्या एक वर्षाच्या मास्टर्समध्ये बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात साधारण दहा हजार शब्दांचा प्रबंध लिहायचा असतो, आणि तो केवळ ग्रंथालयात बसूनही लिहिता येतो. नेदरलँड्समध्ये लायडन आणि आम्स्टरडॅमला वर्षाच्या अभ्यासक्रमात सुमारे तीन महिने क्षेत्रात घालवतात. नॉर्वेत बर्गन आणि ओस्लो इथे दोन वर्षांच्या पदवीत जवळपास सहा महिने. बर्गनचा विभाग फ्रेडरिक बार्थ यांनी उभा केला, आणि बार्थ स्वतः स्वात खोऱ्यातल्या पठाणांत राहून आलेले. अमेरिकेत नुसतं मास्टर्स कमी जण करतात. तिथे थेट पीएचडीला प्रवेश आणि त्यासोबत निधी, अशी चाल आहे.

क्षेत्रात करायचं काय? बसायचं, बोलायचं, हाताला काम लागेल ते करायचं आणि रोज रात्री लिहायचं. दिवसा वहीत चार-चार शब्दांच्या खुणा, रात्री त्यांवरून पानंच्या पानं. झोप आली म्हणून उद्यावर टाकलं की निम्मं गेलं. एम. एन. श्रीनिवास यांची गोष्ट या विषयात सगळ्यांना सांगतात. मुंबईत गो. स. घुर्ये यांच्याकडे शिकून ते ऑक्सफर्डला गेले, आणि परतल्यावर १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहिले. त्या गावाला त्यांनी रामपुरा हे टोपणनाव दिलं. पुढे कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या एका अभ्यासकेंद्रात ते या टिपणांवरून पुस्तक लिहायला बसले असताना २४ एप्रिल १९७० रोजी त्या केंद्राला कुणी तरी आग लावली. त्यांच्या संस्कारित टिपणांच्या तिन्ही प्रती तिथेच होत्या. अठरा वर्षांची मेहनत जळाली. मग त्यांनी आठवणीतून लिहायला घेतलं, आणि १९७६ साली आलेलं ते पुस्तक त्यांचं सर्वांत वाचलं गेलेलं पुस्तक ठरलं. तेव्हा टिपणं जाळावीत असा याचा अर्थ कुणी काढू नये. आजचे मार्गदर्शक पहिल्या दिवशी बॅकअपविषयी विचारतात.

त्याच दिवशी दुसरा कागदही पुढे येतो, नैतिकतेचा अर्ज. कुणाशी बोलणार, त्यांची संमती कशी घेणार, नावं कशी बदलणार, ध्वनिमुद्रण कुठे ठेवणार, कधी नष्ट करणार. २०१८ पासून युरोपियन संघाचा विदा संरक्षणाचा कायदा कडक झाला, आणि टिपणवहीतलं एखाद्याचं नाव, आजार, पक्ष हेसुद्धा संरक्षित माहितीत मोडू लागलं. कायद्याचा हेतू चांगला, पण छापील संमतीपत्र घेऊन मंडईत भाजीवालीपुढे गेलं तर ती सही करण्याऐवजी विचारणार, ‘कुठल्या ऑफिसातून आलात?’ कागदावर अंगठा घेणारा माणूस तिने आयुष्यात ज्या ज्या वेळी पाहिला, त्या त्या वेळी तिचं काही तरी गेलेलं असतं. म्हणून समजूतदार समित्या तोंडी संमती मान्य करतात आणि ती पुन्हा पुन्हा घ्यायला सांगतात. ओळख वाढते तशी माणसं विसरतात की समोरचा लिहितो आहे, आणि नेमक्या त्याच वेळी सगळ्यात मोलाचं बोलतात. ते छापायचं का, हा प्रश्न कुठलाही अर्ज सोडवत नाही.

आता मला जे खरं म्हणायचं आहे त्याकडे येतो. परदेशात गेलेला मराठी विद्यार्थी प्रबंधाचा विषय म्हणून काय निवडतो? बहुतेकदा आपलं घर. वारी, जात, झोपडपट्टी, ऊसतोड, लावणी. मालवणला जन्मलेले गो. स. घुर्ये केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे गेले, १९२२ साली रिव्हर्स अचानक वारले, घुर्ये शिक्षण पुरं करून परतले, आणि १९३२ साली त्यांचं पुस्तक आलं ते भारतातल्या जात आणि वंशावर. श्रीनिवासांचा प्रबंध कूर्गवर. त्या पिढीला ते करणं भाग होतं. आपल्याविषयी साहेबाने लिहिलेलं पुसून नवं लिहायचं होतं. आजही कुणाला जातीवर लिहायचं असेल तर त्याला अडवू नये. २०२२ साली केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत नेमकं तसं अडवलं गेलं: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. ही शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी आहे. १९१६ चा तो निबंध या नियमात बसला नसता. जातीचा अनुभव ज्यांच्याकडे आहे त्यांनीच परदेशात त्यावर संशोधन करायचं नाही, हा नियम माझ्या मते अन्यायाचा आहे.

पण सक्ती वेगळी आणि आवड वेगळी. परक्या देशात वर्ष-दोन वर्षं राहून तिथल्या माणसांकडे बघायचंच नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. तिकडचे लोक आपल्याकडे बघायला आले आणि त्यांतल्या काहींनी ते जीव लावून केलं. हायडेलबर्गचे गुंथर सोंथायमर धनगरांत हिंडले, बिरोबा-म्हस्कोबा-खंडोबाच्या ओव्या त्यांनी गोळा केल्या. जर्मन खेड्यात जाऊन तिथल्या फायर ब्रिगेडच्या मंडळावर किंवा शिकारी संघावर लिहिणारा मराठी माणूस मात्र शोधून सापडत नाही. मार्गदर्शकही नकळत ढकलतात: ‘तुम्हाला भाषा येते, ओळखी आहेत, भारतावरच करा ना.’ म्हणजे गोऱ्या विद्यार्थ्याने जगात कुठेही जावं आणि आपण आपल्या आळीत.

उलट दिशेची उदाहरणं थोडी आहेत, पण आहेत. आंध्रमधले मानवशास्त्रज्ञ जी. प्रकाश रेड्डी डेन्मार्कमधल्या एका लहान खेड्यात जाऊन राहिले आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी डॅनिश माणसांवर पुस्तक लिहिलं. न सांगता कुणाच्या दारात जाता येत नाही, एका गावात राहून माणसं एकमेकांकडे फिरकत नाहीत, हे त्यांना दिसलं. डॅनिश अभ्यासकाने ते नोंदवण्याजोगं मानलं नसतं. अमिताव घोष ऑक्सफर्डला सामाजिक मानवशास्त्र शिकले आणि १९८०च्या सुमारास इजिप्तमधल्या खेड्यात राहिले. तिथे गावकरीच त्यांची उलटतपासणी घेत: तुमच्याकडे गाईची पूजा करतात म्हणे, मेलेल्या माणसाला जाळतात म्हणे, हे खरं का? त्यावरचं त्यांचं पुस्तक १९९२ साली आलं. बघणारा गोरा नसला की बघितला जाणाराही प्रश्न विचारायला कचरत नाही, हे त्यातून फार छान कळतं.

बर्लिनचंच एक उदाहरण घ्या. जर्मनीत बाटलीवर ‘फांड’ म्हणजे अनामत असते: बिअरच्या काचेच्या बाटलीला ८ सेंट, एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीला २५. दुकानातल्या यंत्रात रिकामी बाटली घातली की पैसे परत. संध्याकाळी एखाद्या बागेत तासभर बसा. लोक बाटली संपवतात आणि कचरापेटीत न टाकता पेटीशेजारी उभी ठेवतात. थोड्या वेळाने कुणी म्हातारा किंवा पिशव्या लटकवलेली बाई येते, बाटली उचलते आणि पुढे जाते. ठेवणारा उचलणाऱ्याकडे बघत नाही, उचलणारा आभार मानत नाही. ही भेट आहे का? मोस म्हणतो, भेट परत करावी लागते. इथे तर देणारा-घेणारा समोरासमोर येऊच नयेत अशी व्यवस्था आहे. लाज कुणाची वाचते, उचलणाऱ्याची की ठेवणाऱ्याची? निवृत्तिवेतनावर भागत नाही म्हणून बाटल्या गोळा करणारे वृद्ध शेजाऱ्यांपासून ते लपवतात का? देण्याघेण्याच्या वह्या ठेवणाऱ्या समाजातून आलेल्या माणसाला हे प्रश्न पटकन सुचतात. जर्मन विद्यार्थ्याच्या ते अंगवळणी पडलेलं. यासाठी जर्मन भाषा यायला हवी, हे खरं. पण सोंथायमर मराठी शिकलेच ना.

पैशांचा भाग भराभर सांगतो. ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्याची फी नामांकित ठिकाणी पंचवीस-तीस हजार पौंडांच्या घरात जाते. नेदरलँड्समध्ये साधारण वीस हजार युरो. नॉर्वेत पूर्वी फी नव्हती, २०२३ च्या शरद सत्रापासून युरोपाबाहेरच्यांना लागते. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत अजून नाही. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये, म्हणजे हायडेलबर्गलाही, सत्राला १५०० युरो. मात्र जर्मन व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात, शिवाय भारतीय पदव्या तपासणाऱ्या एपीएसचं प्रमाणपत्र, आणि बरेच अभ्यासक्रम जर्मनमधून. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्जाऊ शिष्यवृत्ती देतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. एक वर्षाच्या ब्रिटिश मास्टर्सला भारतात मान्यता मिळायची अडचण होती, ती जुलै २०२२ मधल्या दोन्ही सरकारांच्या करारानंतर सैल झाली.

नोकरीचं काय, हा घरच्यांचा तिसरा प्रश्न, आणि तो रास्त आहे. ‘मानवशास्त्रज्ञ पाहिजेत’ अशी जाहिरात क्वचित येते. सरकारी म्हणावी तर भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण ही संस्था, तिचं एक केंद्र नागपूरला. पण बघायची सवय विकली जाते. झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात ल्युसी सचमन नावाच्या मानवशास्त्रज्ञ होत्या. नव्या फोटोकॉपी यंत्रापुढे माणसं काय करतात हे त्यांनी चित्रित केलं; त्यात दोन नामांकित संगणकतज्ज्ञ बावचळून बटणं दाबताना दिसतात. ‘वापरणारा अडाणी आहे’ हे कंपनीचं लाडकं उत्तर त्या चित्रफितीने बाद केलं. २०१४ ला पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला तेव्हा मृतदेहाला आंघोळ घालण्याची, हात लावून निरोप घेण्याची प्रथा रोग वाढवत होती आणि आरोग्य पथकांवर दगड पडत होते. मानवशास्त्रज्ञांशी बोलल्यावर नातेवाइकांना सुरक्षित अंतरावरून का होईना, पण विधीत सामील करून घेणारी दफनपद्धत आखली गेली. आज अशी माणसं रुग्णालयं, स्थलांतरितांच्या संस्था, संग्रहालयं आणि सॉफ्टवेअर कंपन्यांत असतात. पदाचं नाव बहुधा ‘युजर रिसर्चर’ किंवा ‘प्रोग्रॅम ऑफिसर’. पगार इंजिनिअरच्या मानाने कमी, हे मान्य करूनच जावं.

अर्जात सगळ्यात जास्त वजन असतं हेतुपत्राला. ‘लहानपणापासून मला विविध संस्कृतींचं आकर्षण आहे’ या वाक्याने सुरू होणारी शेकडो पत्रं विभागात येतात. त्यापेक्षा एक प्रश्न लिहा, नावगावासकट: कुठली माणसं, काय करतात, त्यात तुम्हाला काय कळत नाही. मानवशास्त्राची पदवी नसली तरी अनेक ठिकाणी चालतं, आधी काहीच बघितलेलं नसेल तर चालत नाही. आणि ज्यांच्याकडे काम करायचं त्या प्राध्यापकाचं निदान एक पुस्तक वाचून त्यांना दोन परिच्छेदांची मेल टाका. बरेच जण उत्तर देतात. हे सगळं पावसाळा संपायच्या आत व्हायला हवं, कारण चेव्हनिंगचा अर्ज ऑगस्टमध्ये उघडून ऑक्टोबरच्या सुमारास बंद होतो, आणि चांगल्या विभागांच्या शिष्यवृत्त्यांच्या तारखा डिसेंबर-जानेवारीतच उलटून जातात.